गोलूचा ताप आणि नामदेवभाऊंची आरती

देवाच्या बाबतीत मी धड आस्तिकही नव्हतो आणि धड नास्तिकही नव्हतो. आई पूजा करायची आणि मी प्रसाद खायचो, एवढाच आमचा संबंध. तोंडात मात्र दिवसभर 'बाप्पा' असायचा, कारण मी नागपूरचा. आमच्याकडे पंखा बंद पडला तरी 'अरे बाप्पा' म्हणतात आणि पाहुणे वाढले तरी 'काय सांगू बाप्पा' म्हणतात. त्यात गणपतीचा काही हात नसतो, तो बोलण्यातला नुसता टेकू असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या श्रद्धेची काही कमाई नाही.

आमचा गोलू पावणेदोन वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा एकशेचार ताप आला. घरात हळदीकुंकू नुकतंच होऊन गेलं होतं. आई म्हणाली, "इतक्या बायका त्याचे गाल ओढून गेल्या. नजर नाही लागन तं काय होईन?" तिने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, डॉक्टरांनी औषध दिलं, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि श्रेय दोघांनीही घेतलं. पुढच्या महिन्यात ताप परत आला. आईच्या मते डॉक्टरांच्या हाताला गुण नव्हता, म्हणून आम्ही डॉक्टर बदलला. त्यांनी सांगितलं, दाढा येताहेत. तिसऱ्या महिन्यात पुन्हा ताप, पुन्हा नवा डॉक्टर. तेव्हा होळीच्या पाण्याचं निमित्त होतं.

मी विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. तिथे एखादा बिघाड पुन्हा आला की त्याआधी काय बदललं होतं ते शोधायचं, ही आमची शिस्त. मी गोलूसाठी एक जाडजूड रजिस्टर केलं. दर तापाला नवं पान, आधीच्या तापांनाही चिठ्ठ्यांवरून एकेक, त्यावर तासातासाचा ताप, आणि खाली लाल शाईत एक मथळा: 'संशयित'. मला त्या रजिस्टरचा फार अभिमान होता. एप्रिलमध्ये संशयित म्हणून कूलर पकडला गेला, कारण त्याच आठवड्यात आम्ही तो खिडकीत बसवला होता. मी त्याचं पाणी काढून टाकलं आणि वायर गुंडाळून तो माळ्यावर टाकला. मे महिन्यात कूलर बंद ठेवून झोपणारं हुडकेश्वरातलं ते एकमेव घर असावं. आई ओली चादर पांघरून बसायची. माझी बायको मंजू तो महिनाभर माझ्याशी फक्त गोलूच्या औषधापुरतं बोलली. आणि ताप आलाच.

हसत सांगतोय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. चांगला खेळण्यातला ट्रॅक्टर फिरवत, भिंतीवर आपटत, आजीच्या पोथीवर दूध सांडत हिंडणारं पोर अचानक गप्प व्हायचं आणि येऊन मांडीवर डोकं टाकायचं. खांद्यावर घेतलं की शर्टातून चटका जाणवायचा. मे महिन्यातल्या पाचव्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, आता पुढच्या तापाला दाखल करू, हाडातला मगज तपासावा लागेल. रक्ताचा काही मोठा आजार नाही ना, एवढं पाहून घेऊ. त्या आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही. घरी आल्यावर आम्हीही घेतलं नाही. मी गच्चीवर जाऊन रडलो, खाली आलो तर मंजू नळ सोडून मोरीत रडत होती. मला माझा मुलगा हवा होता, बाकी कशाची मला समज उरली नव्हती.

या सगळ्या डॉक्टरांकडे आम्हाला नेणारा माणूस एकच होता. दोन गल्ल्या पलीकडे राहणारे ऑटोवाले नामदेवभाऊ. त्यांच्या ऑटोत समोर एक छोटा गणपती होता, त्याची मान स्प्रिंगवर बसवलेली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तो होकार द्यायचा. नामदेवभाऊ स्वतः मात्र कशालाच होकार देत नसत. गप्प, आंबट तोंड, दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहणार आणि परतताना उसासे टाकणार. एरवी चौकात दिसले की हात करणारा हा माणूस आमच्या अडचणीतच तिरसट का होतो, हे मला कळत नसे. मंजू म्हणायची, दुसरा ऑटो पाहा. पण भर उन्हात आमच्या गल्लीत दुसरा कोणी येत नसे.

जूनमध्ये सहावा ताप आला. दाखल करण्याचा कागद हातात होता, पण मंजू म्हणाली, मगजात सुई घालण्याआधी आणखी एकाला दाखवू. धंतोलीत एक म्हाताऱ्या डॉक्टरबाई होत्या, त्यांच्याकडे निघालो. गोलू मंजूच्या कुशीत निखाऱ्यासारखा पडला होता. मी रजिस्टर उघडून संशयितांची यादी वाचत होतो. दृष्ट, दाढा, होळीचं पाणी, कूलर, बर्फाचा गोळा, आंबा. वाचता वाचता माझ्यातलं सगळं बळ गेलं. मी रजिस्टर बाजूला ठेवलं आणि तोंडातून निघून गेलं, "काहीच समजून नाही राहिलं बाप्पा. आता तूच सांग."

नामदेवभाऊंनी मान वळवली. "मले म्हटलं का?"

"नाही."

"मंग कोणाले?"

मी समोर पाहिलं. ऑटो खड्ड्यातून गेला आणि गणपतीने मान हलवली. जन्मभर मी तो शब्द वापरत आलो होतो, पण हाक म्हणून तो त्या दिवशी पहिल्यांदा निघाला होता, आणि ते माझं मलाच कसंसं वाटलं.

घाईत रजिस्टर ऑटोतच राहिलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "ताप किती दिवसांनी येतो?" मी म्हटलं, "महिन्या-दीड महिन्याने. यावेळी बहुतेक आंब्यामुळे..." तेवढ्यात दार लोटून नामदेवभाऊ रजिस्टर द्यायला आत आले. माझं उत्तर त्यांच्या कानावर पडलं आणि पाच महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"महिना-दीड महिना नाही मॅडम, हर संकष्टीले येते! मी दिवसभर उपाशी राहतो, संध्याकाळच्या आरतीले टेकडीच्या गणपतीपाशी जायाचं ठरवतो, आन् बरोब्बर यांचा फोन येते. लेकराचं दुखणं आहे म्हणून मी काही बोललो नाही. पण ही सहावी चतुर्थी आहे. माह्या आरत्या बुडून राहिल्या ना बाप्पा!"

आमच्या घरी आई एकादशी धरते, चतुर्थी कोणी धरत नाही. सहा महिने मी आरोपी शोधत होतो, तारखांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या माझ्याच अक्षरात प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात होत्या. डॉक्टरबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं, शेजारी रजिस्टर, आणि एकेक पान लावून पाहिलं. सहाच्या सहा पानं चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुरू झालेली; एक दिवस घरी पाहून दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटो बोलवायचो. मग त्यांनी गोलूचं तोंड उघडून पाहिलं, गळ्याच्या गाठी चाचपल्या. तापात तोंडात फोड येतात का? येतात, आम्ही ते भाजीवरच्या तिखट तर्रीवर ढकललं होतं. मधल्या दिवसांत कसा असतो? घर डोक्यावर घेतो.

असा एक ताप असतो, त्या म्हणाल्या. ठरावीक दिवसांनी येतो, तीन-चार दिवस राहतो, जातो, आणि पोर मोठं झालं की बहुतेक वेळा आपोआप थांबतो. खात्रीसाठी रक्त दोनदा तपासू, एकदा आत्ता आणि एकदा बरा असताना. तोवर सुईची घाई नको. चष्म्यावरून आमच्याकडे पाहत त्यांनी बजावलं, "चतुर्थीचा याच्याशी काही संबंध नाही हं. दिवस तेवढे जुळलेत." नामदेवभाऊंनी अतिशय आदराने मान डोलावली, आपल्याला जास्त माहीत आहे अशा थाटात.

दोन्ही तपासण्या झाल्या. मोठं काही नव्हतं. सुई कधीच टोचावी लागली नाही. दुसरा रिपोर्ट आला त्या दिवशी मी माळ्यावरून कूलर काढला, तेव्हा आईने त्याला हळदकुंकू लावलं आणि मंजू माझ्याशी पुन्हा सगळ्या विषयांवर बोलू लागली.

ताप पुढेही येत राहिला. पण आता आम्ही त्याची वाट पाहायचो. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं औषध द्यायचं, पाणी पाजत राहायचं, अंग पुसायचं आणि जवळ बसायचं. सुरुवातीला ते नुसतं बसणंच मला जमत नसे, हात लाल पेनाकडे जायचा. मी किती जोर लावून शोधत होतो आणि उत्तर आलं ते एका उपाशी माणसाच्या वैतागातून. तो चमत्कार होता का, हे मी कोणाला सांगायला जात नाही. पण मी हाक मारली होती आणि तासाभरात ओ मिळाली, एवढं मला ठाऊक आहे. त्यानंतर रजिस्टरमध्ये 'संशयित' हा मथळा मी लिहिला नाही. जे माझ्या हातात आहे ते करायचं आणि उरलेलं त्या मान हलवणाऱ्याकडे सोपवायचं, हे हळूहळू अंगवळणी पडलं. नामदेवभाऊंनाही मी सांगून टाकलं, चतुर्थीला आता आमचा फोन येणार नाही, तुम्ही खुशाल आरतीला जा.

गोलूला तीन वर्षं होऊन गेली. त्या महिन्यात तृतीया गेली, ताप नाही. चतुर्थीची सकाळ गेली, दुपार गेली. आम्ही तिघंही आळीपाळीने त्याच्या कपाळाला हात लावून जात होतो. शेवटी तो वैतागला आणि स्वतःच थर्मामीटर नेऊन ट्रॅक्टरला लावू लागला. दिवेलागणीला फोन वाजला.

"साहेब, नामदेव बोलून राहिलो. टेकडीच्या पायरीवर उभा आहे. आरती लागाचीच आहे. पण मनात आलं, लेकराचा ताप कसा आहे ते इचारून मगच जाव. चढू का येऊ तिकडं?"

गोलू माझ्या पायाशी बसला होता. मी पुन्हा एकदा त्याच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"चढा ना बाप्पा," मी म्हटलं. तिकडून घंटा ऐकू येईपर्यंत मी फोन तसाच कानाला धरून उभा होतो.