बाबांच्या गाडीचा स्टार्टर

अर्धांगवायूत बाबांचा उजवा हात गेला आणि त्यांची जुनी गाडी अंगणात उभीच राहिली. स्टार्टर कधीचाच बिघडला होता. बाबा हँडल मारूनच ती सुरू करत. मनगटात जोर होता, तोवर त्या यंत्राची गरज कुणाला वाटलीच नव्हती.

शेवटी मी गणपत मेकॅनिकला बोलावलं. त्याने स्टार्टर खोलला, आतली काळी पूड पुसली, झिजलेले कार्बन ब्रश बदलले.

"दाबा बटण, काका."

बाबांनी आत बसून डाव्या हाताने बटण दाबलं. इंजिन लगेच सुरू झालं. थोडा वेळ ते तो आवाज ऐकत राहिले. मग कष्टाने शेजारच्या सीटवर सरकले.

"चल, तू चालव," मला म्हणाले.

आजवर त्यांनी ते स्टिअरिंग कुणाच्या हाती दिलं नव्हतं.