गिअरची वाटी आणि चपराशाचा पट्टा

आमच्या तहशिलीच्या मोटारीची गिअरची दांडी इतकी ढिली झाली होती, की ताकातल्या रवीसारखी कुठंही फिरे. पहिला गिअर आणि रिव्हर्स शेजारी शेजारी, मध्ये बोटभर जागा. एका गावी हारतुरे झाले, तहसीलदार उघड्या मोटारीत उभं राहून सलाम घेत होते, आणि मोटार पुढं निघायच्या ऐवजी झपकन मागं गेली. साहेब रुमी टोपीसकट सीटवर उताणे झाले. हुजुरांपुढून पाठ न दाखवता मागं सरायचं, हा निजामी रिवाज. मोटारीनं तो पाळला, एवढंच. साहेबांना त्यात रिवाज दिसला नाही. ते ड्रायव्हरला म्हणाले, "पुन्हा असं झालं, की किल्ल्या माझ्या टेबलावर."

ड्रायव्हरला आम्ही चाचा म्हणत असू. साठीला आलेले. तालुक्यात मोटार ही एकच, आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

चाचांनी दांडीच्या बुडाचं झाकण उघडून मला आतला गोळा दाखवला. "गोळा चांगला हाय, मुन्शी. ज्या वाटीत बसतो ती घासली. सोलापूरहून आणावी लागंल."

सोलापूर इंग्रजांचं. मध्ये आमच्या सरकारचा करोडगिरीचा नाका. जकातीशिवाय तिथून सुईसुद्धा येत नसे. परवानगीचा अर्ज मी लिहिला. मी तहशिलीतला कारकून, फारसी शिकलेला, त्याची मस्ती अंगात होती. 'वाटी'साठी मला 'प्याला' हा फार डौलदार शब्द सुचला. पंधरा दिवसांनी उलट विचारणा आली: प्याला काचेचा की चिनी मातीचा? दारू पिण्यासाठी असल्यास अर्ज आबकारीकडे का केला नाही?

मी तो कागद चाचांना वाचून दाखवला. ते उठून मोटार पुसायला गेले. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात तालुकदारांचा दौरा आला. जिल्ह्याचे ते सगळ्यात मोठे साहेब. त्यांची लांबलचक मोटार पुढं सोनारी गावाच्या कच्च्या रस्त्यावर चालण्यासारखी नव्हती, म्हणून कचेरीपासून पुढं त्यांना आमच्या मोटारीतून न्यायचं ठरलं.

आदल्या दिवशी चाचा कचेरीत आले आणि चपराशाच्या कमरेकडं एकटक बघू लागले. सरकारी पट्टा, रुंद, जाड कातड्याचा, मधोमध पितळी बिल्ला.

"काय बगताय, चाचा?"

"टोक लई लोंबतंय तुझं. दोन बोटं काप."

"सरकारी पट्टा हाय! बिल्ल्यावर सरकारचं नाव हाय!"

"नाव नक्को मला. कातडं पाहिजे."

"आन् उद्या माझी इजार तालुकदारापुढं सुटली तर?"

"तर तुझ्याकडं बघतील. माझ्याकडं बघनार न्हाईत."

शेवटी त्यानं टोक कापू दिलं. चाचांनी त्याची चकती काढली, मध्ये भोक पाडलं, रात्रभर एरंडेलात भिजवली आणि झाकणाखाली बसवली, म्हणजे गोळा झिजल्या वाटीत दबून राहील. सकाळी आवारात चालवून पाहिलं. नऊ वेळा मोटार पुढं गेली. दहाव्या वेळी दांडी आखडली, आणि चाचांनी जोर लावताच मोटार मागं आली. कातडं जाड झालं होतं. ते पुन्हा काढून त्यांनी चाकूनं तासलं, बसवलं, झाकण आवळलं, आणि फाटकावर बिगुल वाजला. तपासायला वेळ उरला नाही.

त्यात तालुकदारांची मोटार आमच्या मागंच, हातभर अंतरावर, येऊन थांबली. चाचांनी तिच्या ड्रायव्हरला हात जोडले, "मियाँ, जरा मागं घ्या."

"साहेबांनी इथंच लावायला सांगितलीय," तो म्हणाला, आणि चकचकीत दिव्यांवर फडकं फिरवू लागला.

दोन्ही साहेब मागं बसले. मी पुढं, मांडीवर दप्तर घेऊन. समोर वतनदार मंडळी वाकून सलाम करत होती. चाचांनी इंजिन सुरू केलं. त्यांनी दांडीवर तळहात ठेवला, डावीकडं नेली, पुढं लोटली. खट् झालं. पण ती कोणत्या खोबणीत बसली हे क्लच सोडल्याशिवाय कळणार नव्हतं. आरशात मला ते चकचकीत दिवे दिसत होते.

"रुके क्यूँ?" मागून तहसीलदारांचा आवाज आला.

"बिस्मिल्ला," चाचा पुटपुटले आणि पाय केसाकेसानं उचलू लागले. मोटार थरथरली. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा वतनदार भराभर मागं सरत होते आणि मोटार त्यांच्या अंगावर चालली होती. रिवाज आणि मोटार पहिल्यांदाच एका दिशेनं निघाले होते.

संध्याकाळी तहसीलदारांनी चाचांना विचारलं, "पुर्जा मिळाला वाटतं?"

"सरकारातूनच मिळाला, हुजूर."

दारात उभ्या चपराशानं एका हातानं सलाम केला. दुसरा त्यानं पट्ट्यावरून काढला नाही.

महिन्याभरानं करोडगिरीचा हुकूम आला: एक प्याला, चिनी मातीचा, आणण्यास हरकत नाही. कातडं तोवर दबून दांडी पुन्हा थोडी हलू लागली होती. चाचांनी कागद बोटांत चोळून पाहिला, जाड होता. त्याची चौपदरी घडी कातरून त्यांनी चकतीखाली घातली. मोटार विकली जाईपर्यंत किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या.