दाजींच्या घरचा पत्ता

आमचे दाजी, एर्मिनियो, पन्नासहून जास्त वर्षं टोरांटोत होते, पण इथे राहायला म्हणून ते कधी आलेच नाहीत. ते आले होते कामाला. काम संपलं की परत पोर्तुगालच्या तेर्सेइराला जायचं, बेटावरच्या आपल्या गावी, हे त्यांचं ठरलेलं. काम संपलं, पेन्शन सुरू झाली, गुडघे गेले, माझी बहीण दियोलिंदा, म्हणजे त्यांची बायको, तीही गेली. तरी दाजींचं आपलं चालूच, "आता काय, एक-दोन वर्षांत निघायचंच."

मी ओदिलिया, दियोलिंदाची धाकटी बहीण. लग्न होईपर्यंत त्यांच्याच घरी राहिले. डंडास रस्त्याच्या मागच्या गल्लीत अजून उभं आहे ते घर. पुढे द्राक्षाचा मांडव, दाराशेजारी भिंतीत निळ्या फरशीवर रंगवलेली मरियामाता. स्वयंपाकघरं दोन, आमच्याकडे सगळ्यांचीच असतात तशी. वरचं पाहुण्यांना दाखवायचं आणि तळघरातलं जगायचं. सगळा संसार खाली. दाजी संध्याकाळी सिमेंटनं पांढरे होऊन यायचे आणि मागच्या दारानं थेट खालीच उतरायचे. दियोलिंदा त्यांचे हात कोमट पाण्यात धरून ठेवायची, मग ऑलिव्हचं तेल चोळायची. रेडिओवर आमच्या भाषेतल्या बातम्या, चुलीवर कोबी आणि मांसाचं सूप. शनिवारी गोड पावाचं पीठ रजईत गुंडाळून माझ्या पलंगावर झोपवायचे आणि मला म्हणायचे, तू खुर्चीत बस. काय दिवस होते ते! आता माझ्याकडे चांगला ओव्हन आहे, पण त्या पावाचा वास काही येत नाही.

वरच्या बैठकीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिक मात्र कधी निघालं नाही. दियोलिंदा काढू म्हणाली की दाजी म्हणायचे, "कशाला? जायचंच आहे." म्हणूनच नागरिकत्वही घेतलं नाही. दर पाच वर्षांनी कायम रहिवाशाचं कार्ड, पीआर कार्ड, नवं करायचं. ते सगळं दियोलिंदा बघायची. दाजी फक्त सही करायचे, तीही कपाळाला आठ्या घालून.

आता मुकुटाचं सांगते. आमच्या बेटावर पुढच्या वर्षीच्या पवित्र आत्म्याच्या सणासाठी गावातल्या घरांच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याची निघेल त्याच्या घरी चांदीचा मुकुट आठवडाभर मुक्कामाला येतो. सगळ्यात चांगली खोली रंगवायची, वेदी मांडायची, रोज संध्याकाळी सगळ्यांनी जमून माळ जपायची आणि शेवटी येईल त्याला सूप-पाव वाढायचा. यापेक्षा मोठा मान आमच्यात नाही. दाजी दर वर्षी चुलतभाऊ जासिंतोला फोन करून गावच्या घराची चिठ्ठी टाकायला लावायचे. बंद घराची! तरुणपणापासून टाकत आले आणि कधी निघाली नाही.

दियोलिंदा गेली त्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात निघाली.

जासिंतोचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. दाजी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग मला म्हणाले, "ओदिलिया, मुकुट माझ्या घरी येतोय. माझ्या घरी!" एवढं खूश मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. पुढच्या ईस्टरनंतरचा आठवडा. त्याच दिवशी जासिंतोला चुना आणि पिठाचं सांगून टाकलं.

तिकिटासाठी कागद काढले आणि घोडं तिथे पेंड खायला लागलं. कार्डाची मुदत गेल्या हिवाळ्यातच संपून गेली होती. जाणं सोपं होतं, पोर्तुगालचा पासपोर्ट होताच. पण कार्डाशिवाय परतीच्या विमानात कोण चढवणार? आणि मुलगी सुझाना, नातवंडं, दियोलिंदाची कबर, सगळं तर इथे.

"मी भरून देते अर्ज," मी म्हटलं.

"मला लिहिता येत नाही का?"

"येतं हो. त्यांचं इंग्रजी वाचता येत नाही."

झालं! शब्द गेला. दाजी चिडले आणि एकट्यानंच अर्ज भरून, पाकीट चिकटवून पोस्टात टाकून आले. सुझानानं फोनवर विचारलं, मी नीट बघितला ना म्हणून. मी कुठली बघतेय! हट्टाला पेटलेल्या म्हाताऱ्याला कोण अडवणार?

ख्रिसमस गेला, बर्फ वितळायला लागला, उपवासाचे दिवस सुरू झाले, आणि ते पाकीट जसंच्या तसं परत आलं. सोबत एक पत्र. दाजींनी मला बोलावलं नाही. मीच पाव द्यायला खाली उतरले तर ते टेबलाशी बसलेले, समोर सगळे कागद पसरलेले.

मी वाचायला घेतलं. फोटो मागच्या कार्डाच्या वेळचे उरलेले लावलेले.

"दाजी, हा फोटो अलीकडचा लागतो!"

"तोंड तेच आहे ना?"

"पण यातले डोक्यावरचे केस आता कुठेयत?"

एका पानावर सही नाही. बरं, हे कोणाचंही होतं. पुढे विचारलं होतं, गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर कधी कधी गेलात, कुठे आणि किती दिवस. तिथे दाजींनी लिहिलं होतं, कुठेही नाही.

"कुठेही नाही? दर उन्हाळ्यात तेर्सेइराला जाऊन दोन-दोन महिने बसता ते काय?"

"ते परदेशी जाणं नाही. ते घरी जाणं."

"आणि विमानवाल्यांकडे तुमची नोंद नसते होय? या लोकांना वाटेल म्हातारा खोटं बोलतोय!"

"मी आयुष्यात खोटं बोललो नाही," दाजी म्हणाले, आणि खरंच, ते बोलले नव्हते. मी पान उलटलं. राहण्याचा पत्ता या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात गावचं घर लिहिलं होतं. गल्ली, वाडी, बेट, सगळं. डंडासमागच्या घराचा उल्लेख फक्त कामाच्या ठिकाणाच्या रकान्यात. कार्ड देशाबाहेर पाठवत नाहीत, इथलाच पत्ता लागतो, असं पत्रात साफ लिहिलेलं. मी कपाळावर हात मारला. पहिल्यापासून सगळं पुन्हा भरायचं, म्हणजे पुन्हा काही महिने. ईस्टर तर तोंडावर आलेला.

"परतीसाठी वकिलातीतून कागद मिळतो म्हणे," दाजी हळूच म्हणाले.

"मिळतो. पण तेही हेच विचारणार, पाच वर्षं कुठे होतात. आणि तुम्ही कुठेही नाही असं लिहून ठेवलंय. अडकलात तर?"

पन्नास वर्षं वाट पाहिली आणि स्वतःच्याच हातानं घालवलं, हे त्यांना कळलं होतं. मला वाईट वाटलं. पण मी गप्प बसणारी बाई नाही.

"माझी चिठ्ठी निघालीय इथल्या चर्चात," मी म्हटलं. "त्याच आठवड्याची. माझ्या फ्लॅटमध्ये वेदी मांडायला जागा नाही. मुकुट या घरी आणू या."

"इथे?" दाजींनी मान हलवली. "मुकुट घरी येतो, ओदिलिया. कामाच्या जागी येत नाही."

आता मात्र माझा तोल गेला. इतकी वर्षं गिळलेलं बाहेर आलं. "हेच बोलला होतात! हेच्च! दियोलिंदाची चिठ्ठी निघाली होती इथे, सुझाना शाळेत होती तेव्हा. आठवतंय? आनंदानं धावत आली होती रस्त्यावरून. आणि तुम्ही म्हणालात, परत दे, मुकुट आपल्या खऱ्या घरी येईल. तिनं जाऊन परत दिली. दुसऱ्या बाईच्या घरी मुकुट गेला आणि माझ्या बहिणीनं त्या बाईच्या घरचे पाव इथे, या टेबलावर मळले. रात्रभर मळत होती आणि रडत होती, मी बाजूला होते."

"मला कधी बोलली नाही ती."

"बोलली. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुमचे कान बेटावर होते! तुमचं घर तिकडे असेल, दाजी, पण तिचं हेच होतं. इथेच नांदली, इथेच मेली बिचारी."

दाजी उठून चुलीपाशी गेले आणि तिथेच पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता हाकलतात. गेली असती मी, पावसुद्धा परत घेऊन गेले असते. मग ते आले, बसले, आणि म्हणाले, "कोरा अर्ज आहे तुझ्याकडे?"

होता. माझ्या पिशवीत गेल्या वर्षापासून होता.

आम्ही पहिल्यापासून भरला. आधी बाहेर गेल्याच्या तारखा. तिकिटांची थोटकं त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती, म्हणून निभावलं. प्रत्येक फेरी लिहिताना थांबायचे. या वेळी गावच्या घराचं छप्पर गळत होतं. या वेळी वासरू झालं जासिंतोच्या गायीला. या वेळी दियोलिंदा गेल्यावर एकटेच गेले होते, आणि तिथे कोणाशी बोलावंसं वाटलं नाही म्हणून लवकर परतले होते. "मला इथे यावंसं वाटलं होतं तेव्हा," ते म्हणाले. "मी कोणाला सांगितलं नाही." मी तारीख लिहिली.

मग पत्त्याचा रकाना आला. मी पेन त्यांच्या हातात दिलं. हे मी लिहिणार नव्हते. त्यांनी घर क्रमांक लिहिला, गल्ली लिहिली, टोरांटो लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं आणि म्हणाले, "जासिंतोला सांगतो, तिकडचा मुकुट त्यानं घ्यावा." आणि मग माझ्यासमोर रडले. सिमेंट ओतणारा माणूस, ढसाढसा रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी नवे फोटो काढले, मागे फोटोवाल्याचा शिक्का आणि तारीख घेतली, सही आहे की नाही दोनदा बघितलं आणि पाकीट टाकलं. मग बैठकीतलं प्लास्टिक कात्रीनं कापून काढलं. खाली सोफा लाल होता. मला वाटत होतं तपकिरी असेल. दाजींनी भिंती रंगवल्या, सुझाना मुलांना घेऊन आली, पांढऱ्या कागदी फुलांची वेदी झाली. गल्लीतल्या बायका तळघरात पीठ मळायला आल्या, आणि इतक्या वर्षांनी त्या घरात मोठमोठ्यानं भांडणं ऐकू आली, साखर जास्त की कमी यावर.

रविवारी चर्चातून मिरवणूक निघाली. पुढे लाल झेंडा, मागे बँड, मध्ये मी दोन्ही हातांत मुकुट धरलेला. दाजी काळा सूट घालून पायरीवर उभे. घरमालकानं मुकुट हातात घ्यायचा, चुंबन घ्यायचं आणि वेदीवर ठेवायचा, अशी रीत. त्यांनी घेतला, चुंबन घेतलं. फादर बैठकीकडे वळले, लोक वळले, बँडवाले दारात अडकले. आणि दाजी वळलेच नाहीत. ते जिन्याकडे निघाले.

"दाजी, वेदी इकडे!" मी म्हटलं.

दुखऱ्या गुडघ्यांनी, मुकुट छातीशी धरून ते एकेक पायरी खाली उतरले. मी मागे. त्यांनी टेबलावरचं पीठ बाहीनं बाजूला सारलं, सूट पांढरा झाला, आणि मुकुट तिथे मेणकापडावर ठेवला, तिच्या खुर्चीसमोर.

"दियोलिंदा," ते म्हणाले, "आला गं घरी. फार उशीर केला मी."

वर फादरांना कोणीतरी सांगितलं असावं, कारण थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजायला लागली. सगळे खाली आले, मावतील तेवढे आत आणि बाकीचे पायऱ्यांवर. त्या संध्याकाळची माळ आम्ही तळघरात चुलीपाशीच जपली.