गुरांच्या रोगांचं पुस्तक आणि आमची परिषद

ग्रंथपालांची परिषद लोणावळ्याला भरवायचं ठरलं ते इथल्या हवेसाठी. दुसरं काही कारण असलं तर ते मला कुणी सांगितलं नाही. बाजारातल्या वाचनालयाचा मी ग्रंथपाल, तेव्हा यजमानपण आपोआप माझ्या गळ्यात पडलं. तयारीच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, "परिषद अधिक उपयोगाची व्हावी म्हणून कुणाला काही सुचवायचं आहे का?"

सूचनांना तोटा नव्हता. एकजण म्हणाला, हार कमी करा. तळेगावचे ग्रंथपाल म्हणाले, हार राहू द्या, भाषणं कमी करा. भाषण लांबलं की घंटा वाजवावी असंही निघालं, पण अध्यक्षांचं भाषण लांबलं तर घंटा कुणी वाजवायची, यावरच बराच वेळ गेला. मला या सगळ्याचा वैताग आला होता. आदल्या परिषदेला मी वाळवीवर उपाय विचारायला म्हणून गेलो होतो आणि ज्ञानाच्या प्रकाशावर दिवसभर व्याख्यानं ऐकून परत आलो होतो. वाळवी मजेत होती.

म्हणून मी उठून म्हणालो, "प्रत्येकानं आपला एक अडलेला प्रश्न घेऊन यावा. बाकीच्यांनी मिळून त्याचं उत्तर शोधावं. भाषण कुणीच करू नये." सूचना लगेच मान्य झाली. मला वाटलं, पटली. नंतर कळलं की जेवण आणि पुण्याची गाडी यांच्या मधला वेळ कसा भरायचा हे कुणालाच सुचत नव्हतं. सुरुवात तुम्हीच करा, असंही मला सांगण्यात आलं.

माझ्याकडे प्रश्न तयारच होता. कुसगावच्या एक मावशी बाजाराच्या दिवशी तूप विकायला यायच्या. आमचे एक सभासद, किराणा दुकानदार, त्यांचं तूप घ्यायचे. त्यांच्याच ओळखीवर मावशी वाचनालयातून एक पुस्तक नेत. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या होत्या, "एक पुस्तक द्या, भाऊ." शेतकरीण बाई, डोक्यावर पाटी, म्हणून मी विचार करून गुरांच्या रोगांवरचं पुस्तक दिलं. आमच्या सगळ्या पुस्तकांसारखंच काळ्या कापडात बांधलेलं, जाडजूड. पुढच्या बाजाराला त्यांनी ते परत आणलं आणि विचारलं, "आनी हाय का?" मला वाटलं, त्यांना तेच पुन्हा हवंय. दिलं. त्यानंतर वर्षभर असंच चाललं. पुस्तक आलं की मी नोंद करायचो आणि तेच पुन्हा त्यांच्या हातात द्यायचो. आपण एका वाचकाची आवड बरोबर ओळखली, याचा मला अभिमानच वाटत होता.

मग दुकानदारांनी सहज सांगितलं की त्या बाईंना अक्षरओळख नाही, मुलालाही नाही. इथून माझा गोंधळ सुरू झाला. मग पुस्तक नेतात कशाला? मी पानं नीट पाहिली तर कोपऱ्याकोपऱ्याला हळदीची बोटं उमटलेली. मी ताडलं की घरी पुस्तकाची पूजा होते. गुरांच्या रोगांची पूजा कोण करेल, हाही प्रश्न मनात आला, पण गाय आहे, श्रद्धा आहे, असं म्हणून मी तो बाजूला सारला.

विचारलं का नाही, असं कुणीही म्हणेल. आमच्या धंद्यात तसं विचारत नसत. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की वाचकाला पुस्तक का नेता असं कधी विचारायचं नाही, ती त्याची खाजगी बाब. मला हा नियम फार आवडला होता. अजूनही आवडतो, म्हणून तर काय करावं कळत नाही.

प्रश्न चिघळला तो पावसाळ्यात गुरं आजारी पडू लागली तेव्हा. आसपासच्या गावांतले सभासद ते पुस्तक मागू लागले आणि पुस्तक कुसगावला. कार्यकारी मंडळानं मला सांगितलं की त्या बाईंना पुस्तक देणं बंद करा, वाचता येत नाही त्यांना हवंय कशाला. मी म्हणालो, परिषदेपर्यंत थांबा. मला ते बंद करायचं नव्हतं. पावसात भिजत चालत येऊन, ओलं होऊ नये म्हणून लुगड्याच्या घडीत जपलेलं पुस्तक बाहेर काढणाऱ्या बाईला नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती.

परिषदेत मी प्रश्न मांडला. ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तक घरी द्यावं का? सगळे एकदम बोलू लागले. एकानं विचारलं, वाचक म्हणजे कोण? दुसरा म्हणाला, आधी सभासद म्हणजे कोण ते ठरवा. एका गृहस्थांना हळदीचं फार वाटलं. ग्रंथपूजा ही आपली जुनी चाल, तिला उत्तेजन द्यावं, असं त्यांचं मत पडलं. त्यावर कुणी म्हणालं, मग पूजेसाठी निराळी प्रत ठेवावी. तळेगावच्यांनी बाईंना साक्षर करावं अशी उपसूचना आणली. तिला आणखी कुणी उपसूचना जोडली. मी ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. प्रत्येकाचं बोलणं ऐकलं की तेच खरं वाटे.

गाडीची वेळ झाली तेव्हा अध्यक्षांनी घाईघाईनं ठराव वाचला. ज्यास वाचता येते त्यासच ग्रंथ घरी न्यावयास द्यावा. हात वर झाले. प्रश्न माझा, म्हणून सूचक म्हणून माझंच नाव घालण्यात आलं. लोक स्टेशनकडे पळाले. जाता जाता दोघातिघांनी माझी पाठ थोपटली की तुमच्या कल्पनेमुळे यंदा परिषद फार उपयुक्त झाली.

पुढच्या बाजाराला मावशी आल्या. पुस्तक टेबलावर ठेवून नेहमीसारख्या उभ्या राहिल्या. मी बराच वेळ शाईची दौत इकडची तिकडे केली. शेवटी म्हणालो, "मावशी, आता तुम्हाला पुस्तक देता येणार नाही. ज्याला वाचता येतं त्यालाच द्यायचं, असा ठराव झालाय."

"व्हय का," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. दाराकडे वळल्या, पुन्हा आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला कुटं वाचाया येतंय, भाऊ? माजी सून वाचती. साळंत गेलती ती म्हायेरी. ल्येकाला ठावं न्हाई. भावकीत कळलं तर हसत्याल. सैपाक करता करता वाचती."

हळद कुठून आली ते मला कळलं. पण दुसरंच काही कळेना. मी विचारलं, "मग वर्षभर हेच पुस्तक का नेलंत?"

"हेच?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमी दर खेपेला निराळं देता न्हवं?"

मी कपाटाकडे वळून पाहिलं. कपाटातली सगळी पुस्तकं काळ्या कापडातली. पाठीवर अंकाची चिठ्ठी, तीही त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी 'आनी हाय का' विचारलं ते दुसरं आहे का म्हणून, आणि मी समजलो तेच पुन्हा द्या म्हणून. मी हळूहळू त्यांना सांगितलं. कोणतं पुस्तक ते सांगताना मला लाज वाटली.

मावशी तिथंच बाकावर बसल्या. "गुरांच्या रोगाचं?" त्या म्हणाल्या. "तरीच पोरीला गुरांचं येवडं कळतंय." मग म्हणाल्या, "मी इचारायची, कसं हाय ग पुस्तक. तर म्हनायची, लय चांगलंय, आत्या. दर खेपेला म्हनायची." आपण एवढी तंगडतोड करून पुस्तक आणतो, ती वाया गेली असं आपल्याला वाटू नये म्हणून सुनेनं तोंड उघडलं नाही, हे त्यांना माझ्याआधी उमगलं होतं. मला ते नंतर, त्या गेल्यावर उमगलं.

"आता दुसरं द्या," त्या उठून म्हणाल्या.

ठरावाचं काय, हे मी विसरलो. सुनेला वाचता येतं, म्हणजे ठरावात बसतही असेल. अजून मला त्याचा उलगडा झालेला नाही. मी कपाट उघडलं आणि नुसता उभा राहिलो. तिला काय आवडतं? मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "मला काय ठावं?" मी म्हणालो, घरी विचारून या. त्यावर त्या म्हणाल्या, "इचारलं तर तिला कळंल न्हवं का, मला समजलंय त्ये." हेही खरं होतं. इतक्या ग्रंथपालांशी मी दिवसभर बोललो होतो, पण न पाहिलेल्या वाचकासाठी पुस्तक कसं काढायचं, हे कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं. शेवटी मी डोळे मिटल्यासारखं करून एक कादंबरी काढून दिली. दारापर्यंत जाईस्तोवर दोनदा वाटलं की परत मागून घ्यावी.

पुढचा बाजार येईपर्यंत मी अस्वस्थ होतो. मावशी आल्या तशी पाटी खाली ठेवायच्या आतच मी विचारलं, "काय म्हणाल्या सूनबाई?"

"लय चांगलंय म्हनली."

माझा जीव हिरमुसला. गुरांच्या रोगांनाही ती वर्षभर हेच म्हणत आली होती. आता तिला आवडलं की नाही हे आम्हाला दोघांनाही कळायला मार्ग नव्हता. मी तसं बोलून दाखवलं.

मावशींनी घडीतून पुस्तक काढलं, पदरानं पुसून माझ्यापुढं ठेवलं. "त्ये खरं," त्या म्हणाल्या. "पर परवा तिच्याम्होरं चुलीवर सगळं दूध उतू गेलं, भाऊ. आन् तिला पत्ताच न्हवता."