शेवटी बोलणारे कारभारी

साक्ष ऐकताना कारभारी उपरणं डोळ्यांवर ओढून घेत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा झोपला. ते तांड्याचे कारभारी, आणि गाव-तांडा मिळून असलेल्या आमच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष. मी अंगणवाडीची बाई म्हणून समितीत. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, “तोंड बघितलं की मन तिकडं झुकतंय, बाई. ज्याला चांगलं रडता येतं त्याचंच खरं वाटतंय. आपण नुसतं ऐकावं.”

दुसरी खोड मत विचारण्याच्या क्रमाची. आधी मला विचारायचं, मग शिलाईवाल्या गफूरभाईंना, पाटलांना त्यानंतर, आणि स्वतः अगदी शेवटी. “पाटील आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना हलवून राहिले,” हे ते पाटलांच्या तोंडावर सांगत. यात वेळ फार जाई. बांधाचं भांडण असो की गुरांनी खाल्लेलं सोयाबीन, चार जणांची चार मतं ऐकता ऐकता जीव विटून जाई. घरी पीठ मळायचं राहिलेलं असे. मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत असे.

मग दशरथचं प्रकरण आलं. एका शेतकऱ्याचा फवारणीचा पंप शेतातल्या आखाड्यावरून, गोठ्यातून गेला, आणि आळ आला त्याच्याकडे मजुरीला जाणाऱ्या दशरथवर. शेतकरी गोड बोलणारा, हातवारे करून सगळं डोळ्यांसमोर उभं करणारा. दशरथ खाली बघून एवढंच म्हणाला, “म्या न्हाई नेला.” कारभाऱ्यांची बायको तेव्हा नांदेडला दवाखान्यात होती. ते तिकडून थेट आले होते, वारंगा फाट्यावर दोन तास गाडीची वाट बघून. त्या दिवशी उपरणं खांद्यावरच राहिलं. मला विचारायच्या आधीच ते म्हणाले, “यात काय बघायचं? याचंच काम दिसून राहिलं.”

एकेक मान हलली. माझीही हलली. लसीकरणाच्या दुपारी दशरथ लेकरू घेऊन माझ्या अंगणवाडीत बसला होता. पंप गेला तो दिवस तोच की दुसरा, हे आठवत नव्हतं. रजिस्टर बघून सांगते, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही.

दशरथला गावात कुणी काम देईना. पंधरा दिवसांत तो बायको-लेकरं घेऊन पुण्याकडे गेला. दोन महिन्यांनी पंप निघाला त्या शेतकऱ्याच्याच मेव्हण्याकडे. त्याने न सांगता नेला होता. मी रजिस्टर काढलं. दिवस तोच होता.

कारभारी अंगणवाडीत आले आणि लेकरांच्या सतरंजीवर बसले. मी त्यांना रजिस्टर दाखवलं.

“तवा काहून बोलल्या न्हाई, बाई?”

“तुम्ही आधी बोललात.”

त्यांनी पानावरच्या नावावर बोट ठेवलं. “मला ठाऊक होतं. मी बोललो की कोणी बोलणार न्हाई. लई थकलो होतो, बाई. घरी जायचं होतं.”

त्यांनी अध्यक्षपद सोडलं. दशरथचा पत्ता शोधत ते दोनदा पुण्याला जाऊन आले, पण तो सापडला नाही. यंदा पोळ्याच्या आधी ते वारले. लोक विचारतात, एवढा शहाणा माणूस असा कसा चुकला? मला त्यांचा राग यायला हवा होता, पण येत नाही. त्या दिवशी मलाही घरीच जायचं होतं.