आखूड पाकळ्या

कानसबाईंना कुणी खरं नाव विचारलं तर क्षणभर त्यांनाच आठवावं लागायचं. सायकलच्या फ्रेमा बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात कानस चालवली, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. आता कारखाना कसला म्हणा, पत्र्याची एक शेड आणि सहा माणसं. नळ्या यायच्या, त्या सांध्यांत बसवून वितळवलेल्या पितळेनं झाळून जोडल्या जायच्या, मग फ्रेम कानसबाईंच्या बाकावर. प्रत्येक सांध्याला दोन बाजूंनी दोन निमुळती टोकं असत, त्यांना शेडमध्ये पाकळ्या म्हणत. कानसबाई त्या पाकळ्यांच्या कडा अशा घासायच्या की बोट फिरवलं तर सांधा कुठे संपला आणि नळी कुठे सुरू झाली ते कळू नये. ती खोड अजून गेलेली नाही. साधी कढई घ्यायला गेल्या तरी आधी कडेवरून अंगठा फिरवणार, नाक मुरडणार आणि दुकानदाराचा दिवस नासवून हात हलवत घरी येणार.

बाई डावखुऱ्या. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या. मालकांनी मात्र पहिल्याच दिवशी त्यांचं काम बघितलं आणि म्हणाले, "हात कुठला का असेना, कड पातळ निघाल्याशी मतलब."

झाळकाम करायचा तो त्यांचा नवरा. म्हणजे लग्न नंतर झालं, शेड आधीची. आता दोघंही घरी. नवऱ्याचे हात थरथरतात, कप बशीत वाजतो. पण रोज सकाळी फिरायला निघताना बाहेरच्या खोलीतल्या मालकांच्या फोटोसमोर उभं राहायचं, "येतो, मालक," म्हणायचं आणि मगच चपला घालायच्या, हा नेम काही चुकत नाही. मालकांना जाऊन पंधरा वर्षं झाली. "अहो, त्या माणसाला वर तरी सुखानं बसू द्या की," असं कानसबाई स्वयंपाकघरातून करवादायच्या, आणि त्यांच्या करवादण्याचाही नेम चुकत नसे.

त्या दुपारी नवरा आत झोपला होता आणि दारात एक ग्रंथपाल येऊन उभा राहिला. खांद्यावर सायकलची नुसती फ्रेम. चाकं नाहीत, सीट नाही, अंगावर रंगाचा टिपूस नाही.

"कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, कानसबाईंच्या बोटाला विचारा," तो म्हणाला. "माझ्या मामाची आहे. यंदा मामा गेला. नाव किंवा नंबर सापडेल म्हणून सगळा रंग खरवडला, तर काहीच नाही. एका जाणकारांना फोटो पाठवले. ते म्हणतात, या आखूड पाकळ्या म्हणजे परदेशातल्या एका मोठ्या उस्तादाची खूण."

"आमच्याही फ्रेमांवर नाव नसायचंच. दुकानदार आपापलं लावून विकायचे," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला कशाला एवढी उठाठेव?"

ग्रंथपालानं फ्रेम खाली टेकवली. "मामा दर रविवारी मला पुढच्या दांडीवर बसवून न्यायचा. बोलायचा फार कमी. त्याच्याबद्दल मला धड काहीच माहीत नाही. निदान ही कुणी केली, एवढं तरी कळावं."

बाईंनी फ्रेम एका हातानं सहज उचलली. फुलासारखी हलकी. डोळे मिटून त्या एकेका सांध्यावरून बोट नेत गेल्या. बोट पुढच्या खालच्या सांध्याच्या पोटाशी पोचलं आणि तिथेच थांबलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या आखूड पाकळ्या, दोन्ही.

"फ्रेम ठेवून जा. परवा या."

"ओळखली?"

"परवा म्हटलं ना?"

तो गेला, आणि बाई फ्रेम मांडीवर घेऊन बसल्या. खूण म्हणे! कसली डोंबलाची खूण? बेचाळीस वर्षांपूर्वी झाळकामाला एक नवा माणूस आला होता. मालकांची अट अशी, की तीन फ्रेमा करून दाखवायच्या, तिसरी बिघडली तर घरचा रस्ता. पहिल्या दोन वाया गेल्या. तिसरीला ज्योत जरा जास्त रेंगाळली आणि एका पाकळीचं टोक जळून गेलं. जेवणाची सुट्टी झाली, तो नळावर तोंड धुवायला गेला, फ्रेम बाईंच्या बाकावर आली. बिचाऱ्याला कळलंही नसणार, असं बाईंना वाटलं. एकोणीस वर्षांच्या त्या पोरीनं, म्हणजे बाईंनीच, डबा बाजूला सारला, जळकं टोक घासून टाकलं आणि जोडीची चांगली पाकळीही तेवढीच आखूड केली. फ्रेम पास झाली. पुढे त्याच माणसाशी लग्न झालं आणि "तिसऱ्या फ्रेमेला मालक 'चालेल' म्हणाले," ही गोष्ट त्यानं जावयापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवली. बाई दर वेळी मान डोलवायच्या.

आता ग्रंथपालाला खरं सांगायचं तर नवऱ्याचा आयुष्यभराचा अभिमान मोडायचा. खोटं सांगायचं तर नवऱ्याच्या हातचं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर जायचं. त्यांनी आपली फ्रेमेवर चादर टाकली.

"चादरीखाली कोण पाहुणा झोपलाय?" नवरा डोळे चोळत बाहेर आला होता. त्यानं चादर ओढली, चष्मा लावला, फ्रेम उलटी केली.

"अगं, ही माझी. तिसरी! हिची पाकळी मी जाळली होती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? ज्योत माझ्याच हातात होती ना! तोंड धुता धुता ठरवलं, मालकांना सांगून मोकळं व्हावं. परत आलो तर मालक फ्रेम हातात घेऊन रुमालानं लोखंडाचा कीस पुसतायत. दोन्ही पाकळ्या सारख्या आखूड. मला म्हणाले, चालेल. लाज राखली गं त्या माणसानं. मी कुणाला बोललो नाही, तुलासुद्धा नाही. मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा त्यांना सोडून कसा जाणार होतो, सांग."

ते बोलावणं बाई विसरल्या नव्हत्या. चांगली नोकरी, राहायला दोन खोल्या, घरात नळ. नवरा नाही म्हणाला म्हणून त्यांनी आठ दिवस अबोला धरला होता. म्हणजे ज्या उपकारापायी आपण तिथेच अडकलो, तो आपणच केला होता! हसावं की रडावं ते त्यांना कळेना. जीभ शिवशिवली. पण समोर मालकांचा फोटो होता, आणि फोटोकडे बघत नवरा चष्मा पुसत होता. या वयात त्याचा देव काढून घ्यायचा? नकोच ते.

"चहा टाकते," म्हणून त्या उठल्या.

दारापर्यंत पोचल्या तोच मागून हाक आली. "अगं, थांब. हे ओरखडे बघ."

रंग होता तोवर ते कधी कुणाला दिसलेच नसते. पाकळीच्या बुडाशी कानशीचे बारीक तिरपे ओरखडे होते. नवरा त्यांवर थरथरतं बोट ठेवून हवेत कानस चालवून बघत होता, आधी उजव्या हातानं, मग डाव्या.

"मालक उजव्या हाताचे," तो हळूच म्हणाला. "शेडमध्ये डावखुरं माणूस एकच होतं."

बाईंनी मागे वळून बघितलं नाही. "गुळगुळीत करायला वेळच नव्हता. सुट्टी अर्ध्या तासाची."

"आणि जेवलीस कधी?"

"नव्हते जेवले."

म्हाताऱ्याचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" असं फणकाऱ्यानं म्हणायला गेल्या आणि त्यांनाही हुंदका आला. मग त्याच्या शेजारी बसून पदरानं त्याचा चष्मा पुसत म्हणाल्या, "मालकांनी बघितलं होतं बरं का. फ्रेम बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आता दोन घास खाऊन घे. तेव्हा फोटो राहू दे तिथेच."

दोन दिवसांनी ग्रंथपाल वही घेऊन आला. नवऱ्याचा पहिला प्रश्न तयारच होता. "मामांनी पळवली ना ही? कधी सांध्यात तडकली का हो?"

"अडतीस वर्षं पळवली. कधीच नाही."

"मग लिहा. झाळ माझी, पाकळ्या हिच्या. आणि तुमच्या त्या जाणकारांना म्हणावं, उस्तादबिस्ताद कुणी नाही, जळली म्हणून आखूड."

ग्रंथपाल खो खो हसला आणि त्यानं सगळं लिहून घेतलं. ओरखड्यांवर रंग चढवणार नाही, तेवढी जागा उघडी ठेवीन, असं त्यानं आपणहून सांगितलं. जाताना बाईंनी त्याला थांबवलं आणि फ्रेमेवरून एकदा अंगठा फिरवला. नाक मुरडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा फिरायला निघाला. सवयीनं फोटोसमोर उभा राहिला. स्वयंपाकघरात बाई करवादायच्या तयारीतच होत्या. पण पावलं चपलांकडे गेलीच नाहीत, उलटी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली.

"येतो, मालक," तो बाईंना म्हणाला.

बाईंच्या डाव्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "या," त्या म्हणाल्या, "आणि लवकर या."