ठिपक्यांतलं नाव

डिझाइनच्या परिषदेला मी राजीनामा लिहूनच आलो होतो. बिस्किटांच्या पुड्यांवरची अक्षरं आखून आखून जीव विटला होता. दोन दिवस भाषणं ऐकली, पण मन काही हललं नाही. मग जेवताना स्टीलचा पेला हातात आला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, सुमन.

माझे अण्णा बाजारात बसून भांड्यांवर अशीच नावं घालायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. चिठ्ठीवरचं नाव बघून हुबेहूब कोरायचे. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचे, "थांबा की ताई, नातवंडं वाचणार आहेत हे."

घरातला पहिला पदवीधर मी. त्याचा अभिमान आहेच. पण एखादं अक्षर इतकं जपून मी कधी काढलं होतं?

राजीनामा खिशातच राहिला. वही उघडली आणि 'सु' काढायला घेतला, सावकाश.